पुण्यातल्या पोथीतला परिमळ

घरी लोशन, मलम किंवा अंगाला लावायचं तेल करणाऱ्यांची तक्रार एकच असते: वास राहत नाही. करताना स्वयंपाकघर घमघमतं, आणि काही दिवसांनी बरणी उघडली की नुसतं तेल किंवा मेण नाकाला लागतं. मग पुढच्या वेळी थेंब वाढवले जातात. मिश्रण चाळीस अंशांच्या आसपास निवल्यावर सुगंधी अर्क घालायचा आणि तो एकूण वजनाच्या सुमारे एक टक्क्यात ठेवायचा, हा आजचा नियम योग्यच आहे. त्यापुढे गेलं की कातडीला त्रास होऊ शकतो. पण वास टिकवण्याचं उत्तर त्यात नाही. या प्रश्नाने मला बरीच वर्षं धरून ठेवलं आहे. त्याचं सर्वांत भरीव उत्तर मला मिळालं ते पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या एका पोथीवर लिहिलेल्या निबंधांत.

हे निबंध परशुराम कृष्ण गोडे यांचे. जन्म १८९१ चा, देवरुखचा. १९१९ पासून चार दशकं त्यांनी संस्थेचा हस्तलिखितांचा संग्रह सांभाळला आणि चारशेहून अधिक शोधनिबंध लिहिले. नथ, दारूकाम, गुलाबपाणी, खुद्द दिवाळीचा सण असे विषय त्यांनी घेतले आणि पोथ्यांतला एकेक उल्लेख वेचून त्यांचा कालक्रम लावला. मोठमोठ्या राजवटींचे इतिहास लिहिणाऱ्यांइतकं नाव त्यांच्या वाट्याला आलं नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. १९४५ च्या सुमारास संस्थेतल्या रड्डी संग्रहातलं एक हस्तलिखित त्यांच्या हाती आलं. त्यात सुगंधशास्त्राचे दोन ग्रंथ होते: गंगाधराचा ‘गंधसार’ आणि कर्त्याचं नाव नसलेला ‘गंधवाद’. या गंधवादावर जुन्या मराठीत टीका आहे. गोडे यांनी तिचा काळ १३५० ते १५५० च्या दरम्यान ठरवला.

म्हणजे बहामनी काळाच्या आगेमागे कुणीतरी मराठीतून सुगंध करायची कृती समजावून सांगत होतं. राजवाड्यातल्या पंडिताला या टीकेची गरज नव्हती. माझ्या मते ती खल-बत्ता हाताळणाऱ्या माणसासाठी आहे, आणि आपल्या भाषेतल्या तंत्रविषयक लेखनाच्या इतिहासात तिला आजवर मिळाली त्यापेक्षा कितीतरी मोठी जागा मिळायला हवी. गोडे यांच्या निबंधांनंतर दोन्ही ग्रंथ टीकेसह छापून यायला १९८९ साल उजाडलं. आर. टी. व्यास यांनी संपादित केलेली ही आवृत्ती वडोदऱ्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत आहे. मराठी शाळा-कॉलेजांत तिचं नावही कुणाच्या कानावर पडत नाही.

गंगाधर पहिल्याच प्रकरणात सहा कर्मं सांगतो: भावना, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. भावना वैद्यांकडे आजही चालते. चूर्ण सुगंधी पाण्यात किंवा रसात भिजवायचं, वाळवायचं, पुन्हा भिजवायचं. पाचनाचे प्रकार वाचताना मी थक्क झालो. पानांत गुंडाळून, वर मातीचा लेप देऊन मंद आचेवर ठेवायचं, बांबूच्या नळीत शिजवायचं, फडक्यात बांधून टांगायचं, इतकंच काय, महाळुंगाचं फळ पोखरून त्यातही शिजवायचं. बोध आणि वेध या पायऱ्यांवर कस्तुरी, कापूर अशी तीव्र द्रव्यं अगदी थोडी घालून आधीचा वास जागा करायचा. धूपनात धूर द्यायचा, वासनात ताज्या फुलांच्या सहवासात ठेवायचं. सगळा भर क्रमावर आहे. आपण शेवटी जे ओततो, ते इथे पहिल्या भिजवणीपासून थरांनी रचलं जातं.

तेलाच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसतं. बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त राजाच्या अभ्यंगासाठी सांगितलेलं तेल आधी गाळून मग सुगंधित केलेलं नाही. केवडा, चाफा अशा फुलांनी तीळच वासवायचे आणि मग ते घाण्यावर गाळायचे. उत्तर प्रदेशात चमेलीचं तेल याच रीतीने होत आलं आहे. दाण्यातली चरबी फुलाचा वास शोषून घेते आणि आच न लागल्यामुळे तो उडून जात नाही.

द्रव्यांच्या याद्या मी भराभर उलटतो, पण वराहमिहिरापाशी थांबावंच लागतं. सहाव्या शतकातल्या ‘बृहत्संहिते’त त्याने सोळा द्रव्यं दिली आहेत, त्यांत नागरमोथा, वाळा, चंदन, अगरू, दवणा आहेत, धने आहेत आणि गोड्या मसाल्यातलं दगडफूलही आहे. सोळांतून चार निवडण्याचे प्रकार १,८२० होतात. त्या चारांना एक, दोन, तीन, चार असे भाग वाटून दिले की ४३,६८०. नागरमोथा, वाळा आणि चंदन दिवाळीच्या उटण्यात अजून आहेत.

टिकाऊपणाचं रहस्य पुढे रसायनशास्त्राने उलगडलं. लिंबाच्या सालीतल्या लिमोनीनचा रेणू दहा कार्बनांचा, म्हणून तो चटकन उडतो. चंदनातल्या सँटलॉलचा पंधरा कार्बनांचा. तो सावकाश उडतो. १९२६ मध्ये लिओपोल्ड रुझिका यांनी दाखवून दिलं की कस्तुरीतला मस्कोन हे पंधरा कार्बन अणूंचं वलय आहे आणि जवादी मांजराच्या गंधातलं सिव्हेटोन हे सतरांचं. एवढी मोठी वलयं टिकूच शकत नाहीत, असं तोवर मानलं जात होतं. १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालं. वेधासाठी कस्तुरीसारखी जड, रेंगाळणारी द्रव्यं निवडणाऱ्या गंधिकांना वलयं ठाऊक नव्हती. त्यांच्या नाकाची पारख मात्र अचूक होती.

कस्तुरीमृगाला आज १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. घरी करणाऱ्याला वनस्पतीतला मार्ग मोकळा आहे: लताकस्तुरी. भेंडीच्या कुळातल्या या झाडाच्या बियांत अँब्रेटोलाइड असतं. त्याचंही वलय सतरा अणूंचं, आणि वास कस्तुरीच्या जवळचा. बिया काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. त्या भरडून तिळाच्या तेलात झाकून मुरवाव्या, तेल गाळून घ्यावं आणि लोशनच्या तेलाच्या भागात पहिल्यापासूनच मिसळावं. गुलाब किंवा मोगऱ्याचे थेंब त्यानंतर, मिश्रण निवल्यावर.