पलटणीतला माणूस आणि परका मुलूख

१९१४ च्या ऑक्टोबर महिन्यात पुणे डिव्हिजनच्या पहिल्या तुकड्या मुंबई बंदरातून इराणी आखाताकडे निघाल्या. पुण्याहून मुंबईला येणारी रेल्वे बोरघाट उतरून कर्जतवरूनच पुढे जाते. म्हणजे मेसोपोटेमियाच्या, आजच्या इराकच्या, लढाईचा रस्ता आपल्या कर्जत-खालापूरमधूनच गेलेला आहे. वर्गात मात्र ही लढाई आपण सेनापतींची नावे आणि तहांची कलमे एवढ्यावरच संपवतो. बंदूक खांद्यावर घेऊन गेलेल्या शेतकऱ्याच्या पोराने तिथली माणसे कोणत्या नजरेने पाहिली, हा प्रश्न विचारला जात नाही. तो आपण विचारला पाहिजे. कारण शिपाई परदेशी एकटा जात नसतो. आपले गाव आणि गावाची उतरंड तो बरोबर घेऊन जातो.

मुळात परका मुलूख कोणी पाहायचा, हेही जातीनेच ठरत होते. कंपनी सरकारच्या काळापासून मुंबईच्या फौजेत लढलेल्या महारांची भरती १८९० नंतरच्या काही वर्षांत इंग्रजांनी बंद केली. 'लढाऊ जाती' आणि 'बिनलढाऊ जाती' अशी वाटणी झाली. भरती अधिकाऱ्यांसाठी जातवार माहितीची सरकारी पुस्तके निघाली. मेजर बेथॅमचे मराठे व दख्खनी मुसलमान यांच्यावरील पुस्तक १९०८ सालचे आहे. पुढे महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ साली ती मोडण्यात आली.

पहिल्या महायुद्धात सव्वा लाखाहून अधिक हिंदी सैनिक व मदतनीस फ्रान्समध्ये गेले. त्यांची पत्रे सरकारी तपासनीस वाचत आणि त्यांतील उतारे इंग्रजीत भाषांतर करून ठेवत. आज उपलब्ध आहेत ते हेच उतारे, आणि ते बहुतांशी पंजाब व उत्तर हिंदुस्थानातील शिपायांचे आहेत. पत्रे बहुधा दुसऱ्याकडून लिहून घेतलेली असत, आणि साहेब वाचणार हेही लिहिणाऱ्याला ठाऊक असे. तरीही त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. इथल्या बायका शेती करतात, दुकाने चालवतात. इथली मुलगीही शाळेत जाते. आपणही मुलींना शिकवले पाहिजे. ज्या घरात मुक्काम पडला तिथल्या म्हातारीने आईसारखे जपले, असेही कोणी कळवतो. परक्याचे घर पाहून या माणसाला स्वतःच्या घरातली उणीव दिसली.

पण १९१५ च्या अखेरीस हेच पायदळ फ्रान्समधून उचलून मेसोपोटेमियात नेण्यात आले. तिथला अरब शेतकरी त्याच्यासारखाच कर्जात आणि चिखलात रुतलेला होता. तरी फौजेच्या बोलण्यात तो चोर, लुटारू आणि दगाबाज ठरला. माणूस तोच, डोळेही तेच. मग नजर का बदलली? फ्रान्समध्ये तो दोस्त राष्ट्राचा पाहुणा होता. इराकमध्ये तो मुलूख काबीज करायला आला होता. १९२० साली इराकी जनता इंग्रजांविरुद्ध उठली तेव्हा ते बंड मोडणाऱ्या फौजेतही बहुसंख्य शिपाई हिंदीच होते. एका गुलामाच्या हातून दुसऱ्या गुलामाची मान दाबण्याचे हे तंत्र आपल्याला नवीन नाही. आपल्या तालुक्यांतील वाड्यांवर राहणाऱ्या कातकऱ्याला गाव ज्या सुरात चोर म्हणते, तोच हा सूर आहे. ज्याची जमीन घ्यायची त्याला आधी चोर ठरवावे लागते.

आता या शिपायाच्या पाठीवरचे गावाचे ओझे पाहा. इंग्लंडात ब्रायटनच्या राजवाड्यात जखमी हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ उघडले, तेव्हा धर्म आणि जात पाहून नऊ स्वयंपाकघरे थाटावी लागली. १९१६ साली कुत-एल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. अन्न संपत आले तरी बऱ्याच हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस नाकारले. गावी परतल्यावर जातीबाहेर टाकतील, हे भय तुर्कांच्या तोफांहून मोठे ठरले. धर्मगुरूंची परवानगी हिंदुस्थानातून मागवावी लागली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे शरण गेली.

सुखाची गोष्ट तर प्रत्येक कार्यकर्त्याने सांगावी अशी आहे. बरेलीचा हा भंगी जातीचा माणूस इंग्लंडातील ब्रॉकनहर्स्टच्या हिंदी इस्पितळात सफाईचे काम करीत होता. जानेवारी १९१५ मध्ये तो वारला. हिंदूंनी त्याचे दहन नाकारले, मुसलमानांनी दफन नाकारले, अशी हकीकत सांगितली जाते. अखेर तिथल्या पाद्र्याने त्याला चर्चच्या आवारात जागा दिली आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्याच्या थडग्यावर दगड बसवला. तो दगड आजही आहे. साम्राज्याचा गोरा अधिकारी आणि त्या खेड्यातला गोरा माणूस यांत फरक करायला आपण शिकले पाहिजे, तसाच आपला म्हणवणारा आणि आपला असणारा यांतही.

तेव्हा फौजेत गेले, परदेश पाहिला, म्हणून माणूस आपोआप मुक्त होत नाही. जे दिसले त्याचा प्रश्न करून तो गावात मांडावा लागतो. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त झाले ते स्वस्थ बसले नाहीत. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले आणि १८९४ साली बंद भरतीविरुद्ध सरकारकडे अर्ज केला. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी या लष्करभरतीचाच विषय काढला. पलटणीत शिस्त आणि अक्षर मिळाले होते. गावाने पाणी नाकारले, तेव्हा त्या दोन्हींचा उपयोग झाला.

आपल्याच जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडले. ते अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांच्या स्मरणार्थ इटलीतील मोंतोने या गावी २०२३ साली सूर्यघड्याळ उभारले गेले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वाक्य त्यावर आहे. परक्या गावाने आपल्या माणसाला असे पाहिले. आपल्या माणसाने ते गाव कसे पाहिले, हे कोणी टिपून ठेवले?

विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी हे काम हाती घ्यावे. नेरळपासून खोपोलीपर्यंत ज्या घरांतून कोणी पलटणीत गेला, तिथल्या पेटाऱ्यांतली पत्रे आणि पेन्शनचे कागद पाहावेत, म्हाताऱ्या बायकांना विचारावे. शौर्याच्या कथा ऐकाव्यात, आणि त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारावा: तिथे तुमच्या माणसाला पाणी कोणी दिले, आणि जात विचारून दिले का?