रोजच्या भाकरीचे मागणे

भक्तीचा विचार करताना आपण सकाम आणि निष्काम असे दोन भाग पाडतो आणि निष्काम भक्तीला वरचे आसन देतो. देवापाशी देवच मागावा, पोटापाण्याच्या गोष्टी मागू नयेत, हा संस्कार मराठी मनावर संतवाङ्मयाने दृढ केला आहे. अशा मनाला ख्रिस्ती धर्मातील सर्वांत प्रसिद्ध प्रार्थना एका ठिकाणी कोड्यात टाकते. येशूने शिष्यांना शिकविलेल्या या छोट्याशा प्रार्थनेत प्रथम देवाचे नाव, देवाचे राज्य आणि देवाची इच्छा यांविषयी उदात्त मागणी येते, आणि लगेच, कसलीही प्रस्तावना न करता, रोजच्या भाकरीचे मागणे येते. स्वर्गाच्या गोष्टी चालू असताना मध्येच चुलीपाशी येऊन बसण्यासारखे हे आहे. या मागण्याचा अर्थ काय, आणि त्यात हीनता आहे की नम्रता, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास बेळगाव-निपाणीचा सीमाभाग विशेष सोयीचा आहे. येथे ही एकच प्रार्थना शेजारशेजारच्या मंदिरांतून मराठी, कन्नड आणि कोंकणी अशा तीन भाषांत ऐकू येते. याला इतिहास आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० साली बळ्ळारीहून बेळगावास आले. पुढे १९०४ साली हे कार्य अमेरिकन मेथडिस्ट मिशनकडे गेले. निपाणीकडील प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा संबंध कोल्हापूरच्या अमेरिकन मिशनशी आला; त्या मिशनचा पाया रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली घातला होता. कोंकणी भाषा मुख्यत्वे गोव्याकडून आलेल्या कॅथॉलिक कुटुंबांची. बेळगावचा स्वतंत्र कॅथॉलिक धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने आणि नंतरच्या वादाने या भागात भाषा हा कलहाचा विषय झाला हे सर्वश्रुत आहे. परंतु भाषांची ही शेजारवस्ती एका शब्दाच्या अर्थावर जो प्रकाश टाकते, तिकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

मूळ ग्रीक प्रार्थनेत 'आर्तोस', म्हणजे गव्हाची वा जवाची भाजलेली रोटी, हा शब्द आहे. पोर्तुगीज भाषेत त्याच्या जागी येणारा शब्द मराठीत 'पाव' होऊन रुळला. तरीही मराठी बायबलाच्या रूढ भाषांतराने 'पाव' घेतला नाही; 'भाकर' घेतली. कन्नड प्रार्थनेत 'आहार' हा शब्द आहे. कोंकणीत 'गिरास' आहे. तो संस्कृत 'ग्रास' शब्दाचाच अवतार.

हे तीन शब्द समानार्थी नव्हेत. भाकर म्हटली की जोंधळा, जाते, काटवट, तवा आणि भाजणारीचे पोळलेले हात हे सारे त्यात येते. देवाने दिली असे म्हटले तरी मनुष्याच्या श्रमावाचून भाकर होत नाही. आहार या शब्दात देहाला आवश्यक तेवढे, असा प्रमाणाचा भाव आहे. खानापूरच्या पावसाळी मुलखात भात खाणाऱ्याला आणि अथणी-गोकाककडील कोरड्या रानात जोंधळ्यावर जगणाऱ्याला तो सारखाच लागू पडतो. गिरास हा तर केवळ एक घास. तो उद्यासाठी बांधून ठेवता येत नाही. श्रम, प्रमाण आणि आजचा दिवस या त्या मागण्याच्या तीन बाजू होत. एकेका भाषेने एकेक बाजू उजळली आहे.

भाकरीला लावलेले 'रोजची' हे विशेषणही विचार करण्याजोगे आहे. मूळचा ग्रीक शब्द 'एपिउसिओस' हा इतका दुर्मीळ आहे की, तिसऱ्या शतकातील विद्वान ओरिजेन याला तो शुभवर्तमानकारांनीच घडविला असावा असे वाटले. त्याचा अर्थ कोणी 'रोजची', कोणी 'येणाऱ्या दिवसाची', तर कोणी 'जगण्यास लागणारी' असा करतात. जेरोमने आपल्या लॅटिन भाषांतरात हा एकच शब्द मत्तयाच्या व लूकच्या शुभवर्तमानांत दोन निरनिराळ्या शब्दांनी उतरविला. अर्थ कोणताही घेतला तरी मागणे कोठाराचे नाही, शिदोरीचे आहे, हे स्पष्ट होते. अरण्यातील इस्राएल लोकांना मान्ना नावाचे अन्न मिळे. त्यातील जे लोभाने दुसऱ्या सकाळपर्यंत राखले त्यात किडे पडले, ही निर्गम ग्रंथातील कथा या शब्दामागे उभी आहे.

मराठीतील 'रोज' या शब्दाने येथे आणखी एक अर्थ आणला आहे. रोज म्हणजे दिवस, तसाच दिवसाच्या मजुरीलाही आपण रोज म्हणतो. रोजगार आणि रोजंदारी हे शब्द त्यातूनच आले. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत दिवसभर धूळ अंगावर घेत राबणाऱ्या स्त्रीला रोजची भाकर म्हणजे काय, हे टीकाकाराने समजावून सांगावे लागत नाही. प्रार्थनेत भाकरीपाठोपाठ ऋणमुक्तीचे मागणे येते, हेही लक्षात घ्यावे. पापक्षमेसाठी मत्तयाने वापरलेला शब्द देण्याघेण्यातील कर्जाचा आहे आणि मराठी भाषांतराने तो 'ऋण' असाच राखला. उचल आणि कर्ज यांच्या चक्रात सापडलेल्या कुणब्याला ही जोडी ओळखीची वाटेल.

आता मुख्य शंका अशी. मागण्यापूर्वीच आपली गरज देवाला ठाऊक असते, असे येशूनेच ही प्रार्थना शिकविताना सांगितले आहे. मग मागावे कशाला? याचे उत्तर असे की, हे मागणे देवाला माहिती पुरविण्यासाठी नाही. मागणाऱ्याला आपली जागा कळावी यासाठी आहे. पोट भरलेल्या मनुष्याला आपण स्वावलंबी आहोत असे सहज वाटू लागते. पाऊस, बी, बैल, नांगरणारा, दळणारी आणि भाजणारी यांतील एकही दुवा त्याच्या एकट्याच्या हातात नसतो. जो मोठ्या गोष्टीच देवाकडे मागतो आणि भाकर मात्र स्वतःच्या कर्तबगारीच्या खात्यावर मांडतो, त्याच्या निष्कामतेत सूक्ष्म अहंकार लपलेला असू शकतो. क्षुल्लक गरज बोलून दाखविण्यास अधिक नम्रता लागते. मोठे तत्त्वज्ञान बोलण्यास तितकी लागत नाही.

मात्र या नम्रतेची लाचारीशी गल्लत होता कामा नये. मराठीत 'मागणे' हे क्रियापद एकच आहे. पण भीक मागणे, देवापाशी मागणे आणि हक्काची मागणी करणे या तीन वेगळ्या गोष्टी होत. प्रार्थनेतील सर्वनाम येथे मार्गदर्शक ठरते. ते 'मला' असे नसून 'आम्हांस' असे आहे. लूकच्या शुभवर्तमानात या प्रार्थनेनंतर लगेच मध्यरात्री शेजाऱ्याचे दार ठोठावणाऱ्याचा दृष्टान्त येतो. तो तीन भाकरी मागतो, त्या स्वतःसाठी नव्हेत, अवेळी आलेल्या पाहुण्यासाठी. 'आम्हांस' म्हणणाऱ्याने शेजाऱ्याची रिकामी टोपली पाहून स्वस्थ बसणे म्हणजे स्वतःच्याच प्रार्थनेला नकार देणे होय. १९८० च्या सुमारास निपाणीच्या वखारींतील स्त्री-कामगारांनी संघटना बांधली. १९८१ साली तंबाखू-उत्पादक शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन केले आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यांतील काहींनी प्राण गमावले. ही आंदोलने ख्रिस्ती नव्हती आणि त्यांना तसा रंग देणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु देवापुढे नम्र असणे आणि अन्यायापुढे मान तुकविणे यांत अंतर आहे, हे त्या घटनांकडे पाहून प्रार्थना करणाऱ्याने शिकावे. दुसऱ्याची भाकर अडवून धरणाऱ्याने गरिबाला नम्रतेचा उपदेश करावा, हा या प्रार्थनेचा विपर्यास होय.

मागणे म्हणजे प्रयत्न सोडणे नव्हे, याचे मराठी उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. दुष्काळात सापडलेल्या मुलींना आश्रय देऊन त्यांनी केडगावला मुक्तिसदन उभारले. रोजच्या अन्नासाठी प्रार्थनेवर भिस्त ठेवणाऱ्या या विदुषीने विहिरी खणविल्या, शेती केली, छापखाना चालविला आणि हिब्रू व ग्रीक शिकून सामान्य स्त्रीला समजेल अशा मराठीत बायबल उतरविले. १९२२ साली त्यांचे देहावसान झाले आणि १९२४ साली तो संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. भाकर मागणारे हात आणि पीठ मळणारे हात त्यांच्या ठायी एकच होते.

शिक्षकांना यातून एक गोष्ट घेता येईल. भाषांतरातील शब्द अचूक आहे की नाही, एवढेच आपण विद्यार्थ्याला शिकवितो. तो शब्द कोणाच्या जगण्याला जाऊन भिडतो, हेही शिकविले पाहिजे. भाकर, आहार आणि गिरास म्हणणारी मुले सीमाभागातील शाळांत एकाच बाकावर बसतात. प्रत्येकाने आपल्या घरच्या शब्दाचा अर्थ शेजाऱ्याला सांगितला, तर तिघांनाही त्या मागण्याचा अधिक भाग कळेल. आणि मधल्या सुट्टीत डबा उघडताना एखाद्याचा डबा रिकामा दिसला, तर 'आम्हांस' या सर्वनामाचे व्याकरण त्यांना वेगळे समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.