किरवाणी वाजवताना युकुलेलेची वरची तार मोकळी सोडू नका

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे सुचला. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीवरून आपल्या एका श्रोत्याने पाठवला होता. गावातल्या भजनी मंडळात हा पोरगा युकुलेले घेऊन बसतो. पेटीवाल्या काकांनी किरवाणीतली एक चाल धरली, याने मोबाइलवर ‘ए मायनर’चे कॉर्ड शोधले आणि साथ सुरू केली. दुसऱ्याच ओळीला काका थांबले. म्हणाले, ते बाजूला ठेव. पोरगा मला म्हणतो, “भाऊ, कॉर्ड तर बरोबर हायेत, मंग जमून काऊन नाही राह्यलं?”

कॉर्ड बरोबर होते, फक्त ते दुसऱ्या स्केलचे होते.

किरवाणीत ग आणि ध कोमल, बाकी सगळे शुद्ध. नीसुद्धा शुद्ध, आणि सगळी गंमत तिथेच आहे. कोमल ग ऐकला की वाटतं, चला, उदास मायनर आहे. मग वर जाताना कोमल धनंतर एकदम लांब उडी मारून शुद्ध नी येतो आणि अंगावर काटा येतो. पाश्चात्त्य लोक याला हार्मोनिक मायनर म्हणतात. कर्नाटक संगीतात हा २१वा मेळ, कीरवाणी. भातखंड्यांच्या दहा थाटांत मात्र तो कुठेच बसत नाही.

आता सा म्हणजे ए धरू, पेटीवरची पांढरी सहा. सूर असे येतात: ए, बी, सी, डी, ई, एफ, जी शार्प. शेवटचा नीट बघा. जी नाही, जी शार्प. आपल्या पोराच्या चार्टमध्ये जी मेजर आणि ई मायनर होते, आणि दोन्हींमध्ये साधा जी आहे, म्हणजे कोमल नी. काका शुद्ध नीवर थांबलेत आणि हा शेजारी कोमल नी वाजवतोय. काकांचं काय चुकलं?

कॉर्ड बांधायची पद्धत सोपी आहे. एक सूर घ्या, एक सोडा, एक घ्या, एक सोडा, एक घ्या. सा-ग-प घेतलं की ए मायनर. म-ध-सा म्हणजे डी मायनर. प-नी-रे म्हणजे ई मेजर. ध-सा-ग म्हणजे एफ मेजर. ग-प-नी घेतलं की सी ऑगमेंटेड, जो अधांतरी लटकल्यासारखा वाजतो. तो जपून वापरा, भजनात तर फारच जपून. नी-रे-म वर ध चढवला की डिमिनिश्ड सेव्हन.

युकुलेलेच्या तारा जी-सी-ई-ए. त्याच क्रमाने फ्रेट सांगतो, लिहून घ्या. ए मायनर २-०-०-०. डी मायनर २-२-१-०. एफ २-०-१-०. ई सेव्हन १-२-०-२. सी ऑगमेंटेड १-०-०-३. डिमिनिश्ड १-२-१-२.

पहिला आकडा पुन्हा बघा. प्रत्येक ठिकाणी एक किंवा दोन, शून्य कुठेच नाही. कारण आपल्या कपाळाकडची ती जीची तार मोकळी वाजली की कोमल नीच बोलते. बाकी तिन्ही मोकळ्या तारा, सी, ई, ए, म्हणजे ग, प, सा. त्या बिनधास्त सोडा. मला स्वतःला हे कळायला बराच वेळ लागला, मी उगाच बोटांना दोष देत होतो.

सराव असा करा. ए मायनरवर बराच वेळ राहा. मग एफ: एकच बोट वाढतं. मग ई सेव्हन, आणि त्यातच ईच्या तारेवर पहिला फ्रेट दाबला की डिमिनिश्ड. तिथून परत ए मायनर. हा शेवटचा प्रवास हळू वाजवून बघा, जी शार्पवरून ए वर, म्हणजे नीवरून सावर येताना जीव भांड्यात पडतो.

आणखी पुढे जायचंय? मध्यम तीव्र करा. कर्नाटकात तो ५७वा मेळ, सिंहेंद्रमध्यम. पाश्चात्त्य नाव हंगेरियन मायनर. आता डी गेला, डी शार्प आला. म्हणजे डी मायनर बाद, आणि ई सेव्हनही बाद, कारण त्याच्या पोटात साधा डी आहे. त्याऐवजी साधा ई मेजर, १-४-०-२. बदल्यात एफ सेव्हन मिळतो, २-३-१-३. एफ सेव्हन, ई मेजर, ए मायनर असं उतरा. जरा नाटकी आहे, पण मला आवडतं.

एक सांगतो, प्रत्येक सुराला कॉर्ड बदलू नका. पेटी चाल धरते तेव्हा ए मायनर धरून बसलेलंच बरं. काका नीवर थांबले की ई, सावर आले की परत.

आणि भजनाला जायच्या आधी काकांना विचार, सा कुठला. काळी पाच म्हणाले तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लाव, पांढरी एक म्हणाले तर तिसऱ्या फ्रेटवर. बोटं तीच राहतील.