मुंबईतल्या प्रोबेटचा माग

मुंबई शहरात हिंदू माणसाने केलेल्या मृत्युपत्रावरून कोर्टात हक्क सांगायचा, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१३ नुसार प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला, लागत असे. २०२५ च्या अखेरीस संसदेने ते कलम वगळले. तरीही जुन्या घराच्या कागदपत्रांत आधीचे प्रोबेट पाहावे लागतेच.

अशा प्रोबेटचा शोध उच्च न्यायालयाच्या टेस्टामेंटरी, म्हणजे मृत्युपत्रांचे काम पाहणाऱ्या, विभागात घ्यावा. मृताचे पूर्ण नाव, मृत्यूचे साल आणि शक्यतो पिटिशन क्रमांक जवळ असावा. मृत्युपत्र नोंदणीकृत असेल, तर ते करणाऱ्याच्या मृत्यूनंतर दुय्यम निबंधकाकडून कुणालाही नक्कल मागता येते. ही सोय फार थोड्यांना माहीत असते, याचे वाईट वाटते.

प्रोबेट मागतो तो मृत्युपत्रात नेमलेला व्यवस्थापक. तसा कुणी नेमलेला नसेल, तर प्रशासनपत्र मागावे लागते. वारसांना नोटीस जाते. कुणी कॅव्हेट दाखल करून विरोध नोंदवला, की अर्जाचा दावा होतो आणि वर्षे जातात. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी: प्रोबेट कोर्ट मृत्युपत्र खरे आहे का एवढेच ठरवते. घर मृताच्या मालकीचे होते की नाही, हा वाद वेगळ्या दाव्यात लढावा लागतो.