काचेच्या दाराला कुलूप कोणते?

आपला जिल्हा दरवाजांचा. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, बावन्न दरवाजांचे शहर म्हणून ओळखले जाते. दौलताबाद किल्ल्याच्या दारांवर तर हत्तीची धडक थोपविण्यासाठी अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. जुन्या वाड्यांनाही सागवानी दार आणि आतून आडवी आगळ असे. आता काळ बदलला. चिकलठाण्यात कारखान्यांची वसाहत आली, विमानतळ झाला, जालना रोडच्या दुतर्फा बंगले उठले. त्यांचे पाहून गावाकडच्या नव्या घरांनाही काचेची दारे बसू लागली आहेत. उजेड भरपूर येतो, घर शोभते, यात वाद नाही. पण रात्रीची लाइट असली की घरचा कर्ता माणूस उसात दारे धरायला जातो, आणि घराचे दार म्हातारी माणसे व लेकरे यांच्या भरवशावर राहते. म्हणून सभासद बंधू-भगिनींनी चार गोष्टी समजून घ्याव्यात.

पहिली गोष्ट काचेची. साधी काच असेल तर कुलूप कितीही भारी घ्या, उपयोग थोडाच. चोर काच फोडतो, हात आत घालतो आणि कडी काढतो. टफन्ड काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते. फुटली तर तिचे बारीक खडे होतात, त्यामुळे मोठी इजा टळते. पण फुटल्यावर वाट मोकळी होते. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये चिवट पापुद्रा असतो. ती तडकते, पण पापुद्र्याला चिकटून जागेवर राहते. बाहेरच्या दाराला हीच बरी. आणखी एक, टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही; पाडू गेल्यास ती सबंध फुटते. तेव्हा कुलूप आधी ठरवा, मग काचेची ऑर्डर द्या.

दुसरी गोष्ट कुलपाची. लिव्हरच्या कुलपात किल्ली फिरली की आतील प्रत्येक पट्टी ठरावीक उंचीवर उचलली जाते, तेव्हाच दांडा सरकतो. हे तत्त्व १७७८ साली रॉबर्ट बॅरन या इंग्रज कारागिराने आणले. आपल्याकडे अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढला, आणि अलीगढ तर कुलपांचे गावच आहे. तेव्हा चांगल्या मालाला तोटा नाही. लिव्हर जितके जास्त, तितके बनावट किल्लीने उघडणे अवघड.

आता दार कसे आहे ते पाहा. बिजागरीचे, ॲल्युमिनियमच्या चौकटीचे दार असेल तर चौकटीच्या उभ्या पट्टीत बसणारे मॉर्टिस कुलूप घ्यावे. त्याचा दांडा समोरच्या चौकटीत निदान इंचभर आत शिरला पाहिजे. सिलिंडर बाहेर डोकावत असेल तर पकडीने धरून मोडता येते, म्हणून ते पट्टीशी सपाट असावे. सरकत्या दाराला सरळ दांडा कामाचा नाही. आकड्यासारखा वाकडा दांडा असलेले हुक लॉक हवे. हे दार उचलून रुळावरून काढता येते का तेही तपासा. येत असेल तर वरच्या पन्हाळीत अडथळा बसवून घ्या. रात्री खालच्या रुळात मापाची काठी आडवी ठेवली तरी दार सरकत नाही. ही आपली जुनी आगळच म्हणा ना! बिनचौकटीच्या दाराला खालच्या कोपऱ्यात, जमिनीत दांडा जाणारे कुलूप लागते. त्याच्या भोकात माती साचू देऊ नये.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आतून बोटाने फिरविण्याची कळ असेल तर काच फोडून चोरही ती फिरवू शकतो. म्हणून काही जण आतूनही किल्लीच लागेल असे कुलूप घेतात. पण रात्री शॉर्टसर्किट होऊन आग लागली आणि किल्ली सापडली नाही, तर? चोर बाहेर राहील, पण घरची माणसे आत अडकतील. यावर उपाय असा : काच लॅमिनेटेड असेल तर कळ ठेवायला हरकत नाही. काच साधी असेल आणि किल्लीचे कुलूप घेतलेच, तर किल्ली दारापासून चार-पाच फुटांवर, बाहेरून हात पोचणार नाही अशा खुंटीला कायम टांगावी. आजीपासून नातवापर्यंत सर्वांना ती जागा अंधारातही सापडली पाहिजे.

चौथी गोष्ट निगेची. आपल्याकडे धूळ फार. कुलपात गोडे तेल ओतू नये, त्यावर धूळ बसून चिखल होतो. ग्रॅफाइटची भुकटी घालावी. घराचे काम संपले की मिस्त्रीकडच्या किल्ल्या मोजून घ्याव्यात, शंका वाटल्यास सिलिंडर बदलावे. ऐपत असेल तर बाहेरून लोखंडी जाळीचे दार लावावेच, फक्त तेही आतून झटकन उघडता आले पाहिजे.

दार चांगले ते, जे चोराला उघडत नाही आणि घरच्याला अडवत नाही. पैसे देण्यापूर्वी या दोन्ही बाजूंनी विचार करावा.