शेवंतीचा कायम पट्टा

न्हावरे परिसर शिरूर तालुक्याच्या अवर्षणप्रवण भागात मोडतो. येथे विहिरीकाठी किंवा बांधालगत लावलेली शेवंती पहिल्या वर्षी भरघोस फुलते. दुसऱ्या वर्षी फुले बारीक होतात आणि तिसऱ्या वर्षी पट्टा ओसाड पडतो. दोष पुष्कळदा जमिनीस दिला जातो. वस्तुतः शेवंती बहुवर्षायू असली तरी बहार दिलेले खोड थकते. पुढील पीक बुडाशी फुटणाऱ्या काश्यांवर अवलंबून असते. म्हणून पट्टा टिकविणे म्हणजे काश्या टिकविणे होय.

काश्यांची जपणूक : बहार संपताच वाळलेले दांडे जमिनीपासून चार बोटे उंचीवर छाटावेत. बुडाशी कुजलेले शेणखत मिसळून हलके पाणी द्यावे. उन्हाळ्यात सर्व पट्टा जगविण्याइतके पाणी नसल्यास निरोगी झाडे निवडून ती विहिरीजवळील, दुपारी सावली असणाऱ्या एका वाफ्यात हलवावीत. रोगट झाडे उपटून जाळावीत.

लागवड : एप्रिल-मे महिन्यांत मुळे असलेल्या काश्या वेगळ्या करून 60 × 30 सेंटिमीटर अंतरावर सरी-वरंब्यावर लावाव्यात. पाण्याची सोय नसल्यास पावसाळ्याच्या आरंभी लागवड करता येते. मात्र दिवस लहान होऊ लागले की शेवंती कळी धरते; त्यामुळे उशिरा लावलेल्या झाडास वाढीचा अवधी कमी मिळतो व फुले कमी येतात. जमीन पाण्याचा निचरा होणारी असावी. त्याच जागी पुन्हा लागवड केल्यास मूळकुज बळावते. म्हणून दरवर्षी जागा बदलावी.

निगा : लागवडीनंतर सुमारे चार आठवड्यांनी शेंडे खुडावेत, म्हणजे फांद्या वाढून फुले अधिक लागतात. झाडांची दाटी झाल्यास व हवा न खेळल्यास पानांवर भुरी पडते. पाणी बुडाशीच द्यावे. भुरी दिसताच 10 लिटर पाण्यात 20 ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक घालून फवारावे. कडक उन्हात फवारणी करू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काश्या वेगळ्या करण्याचे प्रात्यक्षिक एखाद्या शेतकऱ्याच्या पट्ट्यातच करून दाखवावे. एका निरोगी झाडापासून अनेक काश्या मिळतात. ज्याने उन्हाळ्यात एक वाफा जगविला, त्यास रोपे विकत घ्यावी लागत नाहीत. उरलेल्या काश्या शेजाऱ्यासही देता येतात.