झारच्या डबीची घडणावळ

रशियाच्या झारने एखाद्या गवयाला किंवा वादकाला दिलेली सोन्याची डबी समोर आली, की आपण तिच्यात राजाचा जिव्हाळा शोधू लागतो. जिव्हाळा असेलही, पण त्याआधी एक कचेरी असे. राजवाड्याचं 'कॅबिनेट' नावाचं खातं फाबर्जे, बोलिन, हान अशा पेढ्यांकडून नजराणे घेऊन ठेवी, वहीत किंमत मांडी आणि घेणाऱ्याची पायरी बघून वस्तू काढून देई. सगळ्यांत वरची डबी म्हणजे झारचं छोटं चित्र हिऱ्यांत बसवलेली. त्याखालोखाल हिऱ्यांच्या नाममुद्रेची. कलावंतांच्या वाट्याला बहुधा दुतोंडी गरुडाचं घड्याळ, टायपिन किंवा अंगठी यायची. त्यामुळे संगीतकाराच्या हाती डबी पडली, तर दरबाराने त्याला बराच वर बसवला असं समजावं.

नजराणा परत करून त्याची रोख किंमत घ्यायची मुभा होती. परत आलेली डबी पुन्हा दुसऱ्या कुणाला दिली जाई! मला यात काही हलकं वाटत नाही; कलावंताला घरभाडं चुकत नसतंच. १८८३ साली तिसऱ्या अलेक्झांडरच्या राज्याभिषेकासाठी चायकोव्हस्कीने 'मॉस्को' ही रचना केली आणि त्याला हिऱ्याची अंगठी मिळाली. त्याला हवी होती रोकड. त्याने अंगठी गहाण टाकली आणि मिळालेले पैसे व गहाणाची पावती, दोन्ही हरवून बसला.

डबी तपकिरीची म्हणवली जाई, पण विसाव्या शतकाच्या तोंडाशी तपकीर ओढणारे थोडेच उरले होते. काम मात्र जुन्याच तोलाचं. आधी सोन्याच्या पत्र्यावर यंत्राने लाटांची किंवा किरणांची बारीक नक्षी कोरायची. तिच्यावर पारदर्शक मीना चढवायचा. एक थर, भट्टी, पुन्हा थर, पुन्हा भट्टी. उष्णता सातशे-आठशे अंश सेल्सिअस. एखाद्या भाजणीत तडा गेला की आधीचे सगळे थर वाया. मग हाताने तासन्‌तास घासून झिलई. खालची नक्षी मीन्यातून अशी हलते, की डबी फिरवताना रंग पाण्यासारखा वाटतो. बिजागरी तर बंद झाकणात शोधूनही सापडू नये, अशी.

कार्ल फाबर्जे स्वतः हातोडी घेऊन बसत नसे. १९०३पर्यंत मिखाईल पेर्खिन आणि त्याच्यानंतर हेन्रिक विग्स्ट्रम हे त्याचे मुख्य कारागीर. पहिला करेलियातल्या शेतकरी घरातला, दुसरा फिनलंडचा. नाव पेढीचं झालं, आद्याक्षरं तेवढी कारागिराची राहिली. १९१८मध्ये पेढी सरकारजमा झाली आणि १९२०मध्ये फाबर्जे स्वित्झर्लंडमध्ये वारला.

नकली डब्यांचा आज सुळसुळाट आहे. विकणाऱ्याने झारची आणि थोर वादकाची गोष्ट सांगितली, तर ती ऐकून घ्या, पण हिऱ्यांकडे आधी बघू नका. झाकण उघडून आतली कड पाहा: कारागिराची आद्याक्षरं, चौदा कॅरेटचा ५६चा शिक्का, ओरखडून लिहिलेला साठ्याचा आकडा. कॅबिनेटच्या वह्या सेंट पीटर्सबर्गच्या सरकारी दफ्तरात शाबूत आहेत. गोष्ट तिथल्या नोंदीशी जुळली, तरच पैसे मोजा.